कार्बुरेटर गळतोय, पण कधी?

वेंगुर्ल्याच्या घरी पडवीला लागून आमची प्रीमियर पद्मिनी उभी असते, बाबांच्या वेळची. गेल्या गणपतीला आम्ही सगळे पोचलो तर आईची पहिली तक्रार हीच, की देवाच्या खोलीपर्यंत पेट्रोलचा वास येतोय. बॉनेट उघडलं तर कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, खालून ओला आणि त्याच्या खालच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीवर, पिवळट तपकिरी डाग, चहा सांडून वाळल्यासारखा. मग सगळे करतात तेच मी पण केलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकणाचे स्क्रू कचकचून आवळले. दुसऱ्या दिवशी जास्त गळायला लागलं.

आता कळतं का ते. कार्बुरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, मऊच. कोपऱ्यातले स्क्रू जास्त आवळले की कोपरे खाली दबतात आणि मधली कड वर उचलते, केसाएवढी फट पडते. पेट्रोलला तेवढी पुरते, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि दाटपणाही पाण्याहून बराच कमी, त्यामुळे जिथे पाणी अडून बसेल तिथून हे आरामात पाझरतं.

शेवटी बाजारातल्या मेस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही, आधी विचारलं, "गळता खंयसून ता मागीर बघूया, गळता कधी ता सांग." म्हणजे कुठून ते नंतर, आधी कधी ते सांग.

खरंच, निम्मं निदान त्यातच आहे. आंबोलीचा घाट चढून वर चहाला थांबलात आणि तेव्हाच वास आला तर बहुतेक काही बिघडलेलं नाही. इंजिन बंद झालं की पंखा पण थांबतो आणि खालची सगळी उष्णता वर कार्बुरेटरकडे चढते. पेट्रोलमधले हलके भाग ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, मग कार्बुरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल बुडबुड्यांनी ढकललं जाऊन जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, हवा जाते त्या गळ्यात उतरतं. बऱ्याच गाड्यांत कार्बुरेटरखाली उष्णता अडवणारा जाड काळा बेकेलाइटचा तुकडा असतो तो ह्याच्याचसाठी, आणि कोणीतरी "कशाला हवाय" म्हणून काढून टाकलेला असतो.

गाडी चालू असताना गळत असेल तर मात्र फ्लोट, म्हणजे वाटीतला पोकळ तरंगता डबा, आणि पेट्रोलची वाट बंद करणारी सुई. वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुईला तिच्या भोकावर दाबतो, संडासातल्या फ्लश टाकीत असतं तसंच. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपाचा दाब साधारण ०.२ बार, भोक २ मिलिमीटरचं धरलं तर सुईला अडवायचा जोर येतो फक्त सहा-साडेसहा ग्रॅम! एवढाच. आता फ्लोटचा हिशोब बघा. २० मिली आकाराचा पितळी फ्लोट पूर्ण बुडाला तर पेट्रोल त्याला १५ ग्रॅमने वर ढकलणार, त्याचं स्वतःचं वजन ८ ग्रॅम धरा, उरले ७. फ्लोट ज्या दांडीवर बसतो ती तरफेसारखी, तिच्यामुळे तो जोर थोडा वाढतो, पण डागणीच्या सांध्याला बारीक छिद्र पडून फ्लोटच्या पोटात ५ मिली पेट्रोल शिरलं की उरतात जेमतेम सव्वातीन. सुई दाबली जात नाही, पेट्रोल वाहतच राहतं.

रात्री उभ्या गाडीतून गळतंय? पंप तर बंद, मग दोनच गोष्टी. एक, वाटीच्या खालच्या अंगाचं पॅकिंग किंवा पेट्रोल काढून टाकायचा ड्रेन प्लग, हे वाटी रिकामी झाली की आपोआप थांबतं आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते. दुसरी आमच्याकडची खास, उतार. पद्मिनीची टाकी मागे, गाडी उताराला तोंड करून लावली की टाकी कार्बुरेटरच्या वर जाते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने पुढे येतं. सुई धड असेल तर ती ते अडवते, झिजलेली असेल तर सकाळपर्यंत खाली थारोळं. कोकणात सपाट अंगण किती जणांकडे आहे सांगा.

त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं, म्हणजे अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल. पॅकिंगचं जुनं रबर आणि कॉर्क त्यात फुगतं आणि वाळलं की आकसतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय! चार महिने गाडी हलली नाही तर वाटीच्या तळाला पांढरी पूड दिसते, ते जस्त खाल्लं जातंय. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं आणि त्यातला एक कण सुईखाली अडकला तरी झालं. म्हणून मी जूनमध्ये वाटी रिकामी करून ठेवतो. पॅकिंग आकसतं मान्य, पण पॅकिंग नवीन मिळतं, बॉडी मिळत नाही.

टाकीच्या चिरेला कपडे धुवायचा साबण चोळायची जुनी युक्ती सुद्धा आता बेभरवशाची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून ती चालायची, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो.

आणि एक, वास येतोय तोवर गाडी सुरू करायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, ती उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, आणि आमच्या घरात तिथेच समई. त्या गणपतीत गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली.

मेस्त्रीकाकांनी फ्लोट काढून कानाशी हलवला, मग गरम पाण्याच्या टोपात बुडवला. सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ सुटली, आतलं पेट्रोल तापून छिद्रातून बाहेर येत होतं. "बघ, पोटात भरला हा." डाग देणार का विचारलं तर माझ्याकडे असे बघितले की बस्स, आत वाफ असलेल्या डब्याला डाग द्यायचं तापलेलं हत्यार कोण लावतो. नवीन फ्लोट, व्हायटनच्या, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या, टोकाची सुई, आणि मी वाकवलेलं झाकण काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासून सपाट केलं, तासभर तरी गेला असेल.

नंतर कार्बुरेटर पुसून कोरडा केला आणि वर आईची टाल्कम पावडर भुरभुरवली, ओल आली तर पहिला डाग जिथे उमटेल तिथूनच गळतंय. आई म्हणाली आता गाडीला पण पावडर लावा. काल फोनवर विचारलं, पावडर अजून पांढरी आहे.