जबड्याचे फ्रॅक्चर: तार की प्लेट, आणि योजनेतून ऑपरेशनसाठी काय लागते

जबडा मोडलेल्या माणसाला धड बोलता येत नाही, त्यामुळे कागदपत्रांची सगळी धावपळ सोबतच्या नातेवाइकावर येते. ही माहिती त्यांच्यासाठी.

कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) सरकारी रुग्णालयात, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू आहे. पिवळे, केशरी आणि आता पांढरे रेशनकार्डही चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. रुग्णाचे रेशनकार्ड आणि आधार घ्या, दोन्हींवर नाव सारखेच आहे ना ते घरूनच बघून निघा. अपघात किंवा मारामारी असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) झाली का, हे विचारा. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर तो योजनेत आहे का ते १५५३८८ वर विचारा आणि डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे काम बघणाऱ्या मदतनिसाला, भेटा.

आरोग्यमित्र नोंदणी करतो, मग दवाखाना एक्स-रे, सीटी स्कॅन जोडून ऑनलाइन मंजुरी मागतो. ही मंजुरी ठरावीक ऑपरेशनसाठी असते. म्हणून अर्ज जाण्यापूर्वीच सर्जनना स्पष्ट विचारा: तार बांधणार की प्लेट बसवणार?

तारेच्या पद्धतीत वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून ठेवतात. चिरफाड नाही, बऱ्याचदा जागेवर भूल देऊन होते. पण साधारण ४ ते ६ आठवडे तोंड बंद. पेज, ताक, गाळलेले सूप यावरच राहायचे, वजन उतरते. उलटी झाली तर जीवावर बेतू शकते, म्हणून तार कापायची पक्कड कायम उशाशी हवी. फिट्स येणाऱ्या किंवा दारूचे व्यसन असलेल्या रुग्णाबद्दल हे डॉक्टरांपासून लपवू नका.

प्लेटच्या ऑपरेशनला पूर्ण भूल लागते. बहुतेक वेळा तोंडाच्या आतूनच चीर घेऊन टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूने हाड जोडतात. तोंड लवकर उघडता येते, पण मऊ खाणे काही आठवडे पाळावेच लागते. खालचा ओठ बधिर होण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्या. हाड सरकले असेल किंवा तुकडे जास्त असतील तर सहसा प्लेटच योग्य. कानाजवळच्या सांध्याचे फ्रॅक्चर आणि लहान मुले यांत मात्र निर्णय वेगळा असू शकतो. मुलांच्या हाडात कायमचे दात अजून तयार होत असतात.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर कोणते ऑपरेशन झाले, तार कधी काढायची आणि पुढची तारीख लिहून घ्या.