प्लॅस्टिकचा पार्ट रनरपासून सुटतो कसा

प्लॅस्टिकची पाण्याची बाटली उलटी धरा आणि तळाच्या बरोबर मध्ये बघा, एक छोटंसं टिंब दिसेल, बोटाला किंचित टोचतं. बादलीच्या तळाला पण ते असतं, पेनाच्या टोपणावर जरा शोधावं लागतं. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं ते या जागेतून आणि गार झाल्यावर उरलेल्या प्लॅस्टिकपासून तुटलं तेही इथेच. (बाटली आधी जाड नळीसारखी मोल्ड होते आणि मग हवेने फुगवतात, टिंब मात्र तसंच राहतं.) या जागेला गेट म्हणतात, आणि मला विचाराल तर अख्ख्या मोल्डमधली सगळ्यात विचार करून ठरवायची जागा हीच.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये प्लॅस्टिकचे दाणे बॅरलमध्ये वितळतात, बऱ्याच प्लॅस्टिकसाठी तापमान 200 ते 300 अंश सेल्सिअस, मग स्क्रू पुढे सरकून तो रस शेकडो बारच्या दाबाने मोल्डमध्ये ढकलतो. आधी स्प्रू, म्हणजे मुख्य वाट, तिथून रनर म्हणजे फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला गेट, गेटच्या पलीकडे पार्टची पोकळी. आता वाटेतलं प्लॅस्टिक पण पार्टसोबतच घट्ट होतं ना, त्यामुळे मोल्ड उघडला की सगळा सांगाडा जोडलेलाच बाहेर येतो. विमानाच्या किंवा गाडीच्या मॉडेल किटमध्ये चौकटीला चिकटलेले पार्ट बघितले असतील, ती चौकट म्हणजे रनरच, तिथे तोडायचं काम विकत घेणाऱ्याकडे असतं. बाकी वस्तूंचं हे काम कारखान्यातच उरकावं लागतं, तेही दर शॉटला, म्हणजे मोल्ड भरून उघडायच्या प्रत्येक फेरीला.

मग गेट एकदम बारीक ठेवा, पटकन तुटेल, असं वाटतं. पण प्लॅस्टिक गार होताना आकसतं, म्हणून पोकळी भरल्यावरही काही वेळ दाब धरून अजून रस आत सारावा लागतो आणि हे फक्त गेट उघडं असेपर्यंतच जमतं. गेट बारीक असेल तर ते आधी गोठतं, दाब आत पोचत नाही आणि पार्टच्या जाड भागावर खड्डे पडतात. शिवाय बारीक भोकातून जोरात जाताना घर्षणाने रस तापतो, नाजूक प्लॅस्टिक तिथेच जळू शकतं. गेट जाड ठेवलं तर पार्ट छान भरतो पण तोडायला कटर लागतो आणि डाग मोठा राहतो. म्हणजे पार्ट कसा सुटणार हे मोल्ड कापायच्या आधीच ठरलेलं असतं, नंतर कटरला धार लावून फार काही वाचत नाही.

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पार्टच्या कडेला गेट आणि ऑपरेटरच्या हातात निपर. इथे प्लॅस्टिकचा स्वभाव कळतो, पॉलिस्टायरीन कट्‌कन तुटतं आणि पॉलिप्रॉपिलीन ओढलं की ताणत जातं, तुटायचं नावच घेत नाही. कडक प्लॅस्टिकसाठी अल्ट्रासॉनिक कंपन पण वापरतात, रनरला कंपन दिलं की बारीक गेटपाशी उष्णता तयार होते आणि पार्ट सुटतो, मऊ प्लॅस्टिक मात्र ती कंपनं जिरवून टाकतं.

मला मनापासून आवडतं ते टनेल गेट. यात रनर मोल्डच्या दोन प्लेटच्या सांध्यावर असतो पण टोकाशी तो निमुळता होत, तिरका, पोलादाच्या आतून बोगद्यासारखा जाऊन पार्टच्या बाजूच्या भिंतीत उघडतो. मोल्ड उघडतो, इजेक्टर पिना पार्टला आणि रनरला पुढे ढकलतात, आणि बोगद्याच्या तोंडाची पोलादी धार गेटला कापून टाकते. बोगद्यातला तुकडा लवचिक असेल तर वाकून बाहेर येतो, पण काचेचे धागे भरलेलं ठिसूळ प्लॅस्टिक असलं की आतच तुटून अडकायची भीती, मग पुढचा शॉट त्या पोकळीत जातच नाही. तीन प्लेटच्या मोल्डमध्ये रनरचा थर वेगळा असतो, त्यामुळे मोल्ड उघडतानाच गेट तुटतं.

सुटले म्हणजे काम संपलं असं नाही, कारण आता पार्ट आणि रनर एकाच ढिगात पडतात. फिरत्या ड्रमच्या फटीतून पार्ट खाली पडतात आणि लांब रनर वरून पुढे निघून जातो, किंवा रोलरमधल्या अंतरावर वेगळे होतात. दोघांचा आकार सारखा असला की हे फसतं, मग रोबोट मोल्ड उघडताच रनर पकडून उचलतो, जे मुळातच जास्त स्वच्छ काम आहे.

रनर लगेच ग्राइंडरमध्ये जातो आणि चुरा नव्या दाण्यात मिसळतात. छोट्या पार्टच्या मोल्डमध्ये कधी कधी रनरचं वजन पार्टपेक्षा जास्त भरतं, म्हणून हे सोडून चालत नाही. पण दर वेळी वितळताना प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या थोड्या तुटतात, काचेचे धागे आखूड होतात, नायलॉन किंवा पीईटीचा चुरा नीट वाळवला नाही तर पाणीच साखळ्या तोडतं. म्हणून यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नियमात वेगळी चाचणी न करता थर्मोप्लास्टिकमध्ये, म्हणजे परत परत वितळवता येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, वजनाने 25 टक्क्यांपर्यंतच असा चुरा चालतो.

रनरच नको असेल तर हॉट रनर, यात वाट हीटरने तापती ठेवतात, रस आतच पातळ राहतो आणि पुढच्या शॉटला तोच वापरला जातो. मोल्ड महाग पडतो आणि रंग बदलताना जुना रंग आतल्या कोपऱ्यातून निघता निघत नाही. थर्मोसेटमध्ये सगळं उलटं, तिथे उष्णतेनेच माल पक्का होतो आणि एकदा पक्का झाला की परत वितळत नाही, म्हणून मोल्ड तापलेला ठेवून रनरची वाट मुद्दाम गार ठेवतात.