अकरा तारांचं काम दोन तारांत

एटीटायनी८५ या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाला, पाय (पिना) आठच. त्यातले दोन वीजपुरवठ्याला जातात, एक रीसेटसाठी राखलेला असतो. हाताशी उरतात पाच. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणाऱ्या साध्या एलसीडीला मात्र सोळा पिना असतात. वीज, कॉन्ट्रास्ट आणि बॅकलाइटच्या पाच वजा केल्या तरी मायक्रोकंट्रोलरला जोडायच्या अकरा राहतात. पाचात अकरा बसवण्याच्या अनेक युक्त्या आहेत, पण सगळ्यांतला सौदा एकच: तार वाचवायची आणि तिची किंमत वेळात चुकवायची. हा सौदा स्वस्तात पडतो की महागात, ते समोरच्या डिस्प्लेवर अवलंबून असतं.

आधी या अकरा तारा करतात काय ते पाहू. अशा बहुतेक डिस्प्लेंच्या मागे हिताचीची एचडी४४७८० ही कंट्रोलर चिप किंवा तिच्याशी तंतोतंत जुळणारी दुसरी एखादी चिप असते. आठ तारांवरून एक बाइट, म्हणजे ० किंवा १ असे आठ बिट, येतो. आरएस नावाची तार सांगते की हा बाइट अक्षर आहे की आज्ञा. आरडब्ल्यू सांगते की लिहायचंय की वाचायचंय. आणि ई, म्हणजे एनेबल, वर जाऊन खाली आली की त्या क्षणी तारांवर जे असेल ते डिस्प्ले उचलतो. एक अक्षर पचवायला त्याला सुमारे ३७ मायक्रोसेकंद लागतात. सगळा पडदा पुसायला दीड मिलिसेकंद.

यातली आरडब्ल्यू सर्वांत आधी जाते. ती थेट ग्राउंडला जोडली की डिस्प्लेकडून काही वाचता येत नाही, म्हणजे ‘झालं का तुझं?’ असं विचारण्याची सोय संपते. मग प्रोग्रॅमनेच ठरावीक वेळ थांबायचं. हे नुकसान मला नुकसान वाटतच नाही. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा आणि डिस्प्ले ५ व्होल्टचा असेल, तर वाचताना डिस्प्ले उलट्या दिशेने ५ व्होल्ट पाठवतो; ती भानगडही टळते.

त्यानंतर आठ डेटा तारांपैकी चार काढता येतात. ही सोय चिप बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. बाइटचे दोन तुकडे करायचे, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. आता तारा उरल्या सहा. पण इथे एक अडचण येते आणि तिच्यावरचा उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

वीज आल्यावर डिस्प्ले आठ बिटांच्या पद्धतीत जागा होतो. पण समजा, मधेच फक्त मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला. डिस्प्लेला याचा पत्ता नाही. तो आठ बिटांच्या पद्धतीत असू शकतो, चार बिटांच्या पद्धतीत पहिल्या तुकड्याची वाट पाहत असू शकतो किंवा पहिला तुकडा घेऊन दुसऱ्यासाठी अडून बसलेला असू शकतो. यातलं नेमकं काय, हे विचारताही येत नाही, कारण आरडब्ल्यू आपण ग्राउंडला बांधली. म्हणून सुरुवातीला ३ हा तुकडा तीनदा पाठवतात. डिस्प्ले आठ बिटांत असेल तर प्रत्येक ३ चा अर्थ ‘आठ बिटांत ये’ असा होतो आणि काही बिघडत नाही. चार बिटांत पहिल्या तुकड्याची वाट पाहत असेल तर पहिले दोन ३ मिळून तीच आज्ञा पूर्ण होते, तिसरा निरुपद्रवी. अर्ध्यावर अडला असेल तर पहिला ३ कुठल्या तरी निरर्थक आज्ञेची शेपटी बनून खपून जातो आणि पुढचे दोन मिळून त्याला आठ बिटांत आणतात. सुरुवात कुठूनही झालेली असो, तीन घावांनंतर डिस्प्ले आठ बिटांतच असतो. मग २ पाठवून त्याला चार बिटांत न्यायचं. पहिल्या ३ नंतर चार मिलिसेकंदांहून जास्त थांबायचं असतं. ती निरर्थक आज्ञा ‘कर्सर पहिल्या घरी ने’ अशी वेळखाऊ निघाली तरी तेवढ्यात ती आटोपते. हे माहीत नसलं की डिस्प्ले चालवणाऱ्या तयार प्रोग्रॅममधल्या (लायब्ररीतल्या) त्या तीन सारख्या ओळी कुणाच्या तरी हातून चुकून राहिल्यासारख्या दिसतात. त्या पुसू नयेत.

सहाच्या खाली जायचं तर मधे दुसरी चिप घालावी लागते. ७४एचसी५९५ हे शिफ्ट रजिस्टर एका तारेवरून एकेक बिट आत घेतं. क्लॉक नावाच्या दुसऱ्या तारेवरच्या प्रत्येक ठोक्याला सगळे बिट एक जागा पुढे सरकतात. आठ बिट भरले की लॅचच्या तिसऱ्या तारेवर इशारा द्यायचा आणि आठही बिट एकदम बाहेरच्या पिनांवर उमटतात. आपली गरज सहाची, म्हणजे दोन पिना शिल्लक राहतात. एकीवर ट्रान्झिस्टर लावून बॅकलाइट चालू-बंद करता येतो.

लॅच नसलेलं ७४एचसी१६४ वापरलं तर तिसरी तारही वाचते, पण मग बिट सरकत असताना ई तारही वरखाली होत राहणार आणि डिस्प्ले मधलाच कचरा उचलणार. त्यावर तोड अशी: ई ही तार रजिस्टरच्या शेवटच्या पिनला थेट न जोडता ती पिन आणि डेटाची तार दोन्ही वर असतील तेव्हाच वर जाईल अशी जोडायची. एक डायोड आणि एक रेझिस्टर एवढ्यावर हे भागतं. आधी रजिस्टर शून्यांनी धुवायचं, मग सर्वांत पुढे १ ठेवून बाकीचे बिट सोडायचे. तो १ शेवटी पोचला की डेटा तारेवर एक पल्स द्यायची. एकाच तारेवर सगळं भागवणारेही आहेत. रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जोड्या वापरून पल्स किती लांब आहे त्यावरून ० आणि १ ओळखायचे आणि खूप लांब पल्स आली तर तो लॅचचा इशारा मानायचा. कल्पना फार हुशार आहे. पण कपॅसिटरची किंमत थोडी इकडेतिकडे झाली किंवा पल्स चालू असताना मधेच इंटरप्ट आला, म्हणजे मायक्रोकंट्रोलरला हातातलं काम सोडून दुसरीकडे वळावं लागलं, की अक्षरांची खिचडी होते. एक पिन अगदीच नडत असेल तरच या वाटेला जावं.

रोजच्या कामाला पीसीएफ८५७४ ही दोन तारांवरून आलेला बाइट आठ पिनांवर मांडणारी चिप बसवलेली, डिस्प्लेच्या पाठीवर चिकटणारी छोटी पट्टी बरी. ती फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या आयटूसी पद्धतीने बोलते: एक तार डेटाची, एक क्लॉकची. दोन्ही तारा नुसत्या खाली ओढता येतात. वर आणायचं काम तारेला वीजपुरवठ्याशी जोडणारे पुल-अप रेझिस्टर करतात. आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असल्याने त्याच दोन तारांवर तापमानाचा सेन्सर, घड्याळाची चिप, डिस्प्ले असं सगळं गोतावळ्यासारखं राहू शकतं. पत्त्याचा घोळ मात्र नेहमीचा. पट्टीवर पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता बहुधा हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत) २७ असतो, पीसीएफ८५७४ए असेल तर ३एफ. चिपवरचं शेवटचं ते ‘ए’ भिंग लावून वाचावं. पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसत असतील तर डिस्प्लेला वीज आणि कॉन्ट्रास्ट मिळतोय, पण सुरुवातीच्या आज्ञा पोचलेल्या नाहीत.

आता वेळेचा हिशेब. एका अक्षराचे दोन तुकडे, प्रत्येक तुकड्यासाठी ई वर आणि ई खाली, म्हणजे किमान चार बाइट. आयटूसीवर प्रत्येक बाइटला पोचपावतीसकट नऊ ठोके, शिवाय पत्त्याचा एक बाइट. १०० किलोहर्ट्झला एका अक्षराला जवळपास अर्धा मिलिसेकंद, बत्तीस अक्षरांना सोळा. अकरा तारांनी हेच काम सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास उरकलं असतं. बारापट मंद! पण या डिस्प्लेतला द्रवस्फटिक वळायलाच शंभर-दोनशे मिलिसेकंद घेतो, त्यामुळे हा फरक कुणालाच दिसत नाही. वर आणखी एक फायदा: दोन अक्षरांमध्ये जे ३७ मायक्रोसेकंद थांबायचं होतं, ते तारेच्या मंदपणातच निघून जातात.

ठिपक्यांच्या पडद्यावर हे गणित बदलतं. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा, एसएसडी१३०६ चिपवाला छोटा ओलेड, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा पडदा, घ्या. (देवनागरी लिहायची तर इथेच यावं लागतं. एचडी४४७८० मध्ये आपण आखलेली फक्त आठ अक्षरं मावतात आणि दोन घरांमधल्या फटीत शिरोरेघ तुटते.) याचा एक पूर्ण पडदा म्हणजे १०२४ बाइट. आयटूसीवर १०० किलोहर्ट्झला तो भरायला ९२ मिलिसेकंद लागतात. ४०० ला २३. हलतं चित्र चालेल इतपत. इथे आरएस ही तारच नाही. पुढे आज्ञा येतेय की चित्र, हे आधी एक बाइट पाठवून सांगतात. तारेचं काम बाइटाने घेतलं.

३२० गुणिले २४० ठिपक्यांचा रंगीत पडदा आला की मात्र आयटूसीचा दम संपतो. प्रत्येक ठिपक्याला १६ बिट धरले तर एका चित्राचे १,५३,६०० बाइट होतात. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर त्याला साडेतीन सेकंद लागले असते. पडदा वरून खाली रंगवल्यासारखा दिसला असता. म्हणून हे पडदे एसपीआय या जास्त तारांच्या पण वेगवान पद्धतीवर चालतात. ४० मेगाहर्ट्झचा क्लॉक मिळाला तर तेच चित्र सुमारे ३१ मिलिसेकंदांत जातं. तारा लागतात पाच: क्लॉक, डेटा, आज्ञा की चित्र ते सांगणारी, निवडीची आणि रीसेटची. तारांवर दुसरं कुणी नसेल तर निवडीची तार बहुतेक वेळा कायमची ग्राउंडला बांधून चालतं, रीसेट मायक्रोकंट्रोलरच्या रीसेटला जोडता येतो, आणि उरतात तीन.

एटीटायनी८५ चा प्रश्न तेवढा राहिला. त्याला ओलेड जोडायला दोन पिना पुरतात, पण त्याची रॅम आहे ५१२ बाइट आणि पडद्याचं चित्र १०२४ चं. म्हणजे चित्र आधी मेमरीत रचून मग पाठवायची सोयच नाही. त्यावर उपाय म्हणजे अक्षरांचे आकार फ्लॅश मेमरीत, म्हणजे प्रोग्रॅम साठवलेला असतो तिथे, ठेवायचे आणि उभ्या आठ ठिपक्यांचा एकेक बाइट तिथून उचलून सरळ तारेवर सोडायचा. अख्खा पडदा पुन्हा लिहायचीही गरज नसते. तापमान २७ वरून २८ झालं तर ७ च्या जागी ८ लिहायचा, आठ ठिपके रुंदीच्या अंकाला आठच बाइट. तीन पिना मोकळ्या राहतात.