एओलियन हार्प

एओलियन हार्प हे वादकाच्या स्पर्शाविना केवळ वाऱ्यावर वाजणारे तंतुवाद्य असून, एओलस या ग्रीक वायुदेवतेवरून त्याला हे नाव मिळाले आहे. जर्मन विद्वान अथानासिउस किर्खर यांच्या १६५० सालच्या संगीतविषयक ग्रंथात त्याचे वर्णन आढळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंड व जर्मनीत विशेष लोकप्रिय झाले.

पातळ फळ्यांची, साधारण एक मीटर लांबीची अरुंद पोकळ पेटी, तिच्या दोन्ही टोकांना घोड्या आणि त्यांवरून खुंट्यांनी ताणलेल्या तातीच्या तारा, अशी त्याची साधी रचना असते. पेटी खिडकीच्या फटीत ठेवतात, म्हणजे तेथून जोराने आत शिरणारा वारा तारांना आडवा लागतो. सर्व तारा एकाच खालच्या स्वरात मिळवलेल्या असतात. त्यांची जाडी मात्र वेगवेगळी ठेवतात, आणि वाद्याची सारी स्वरसमृद्धी या फरकातूनच येते.

वारा तार छेडत नाही. तारेला वळसा घालून जाताना तिच्या मागे वरून व खालून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि तार वाऱ्याच्या दिशेला आडवी हेलकावू लागते. चेक भौतिकीविज्ञ चेनेक स्त्रोउहाल यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले की, या ध्वनीची वारंवारता वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात व तारेच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेमागे सेकंदाला सुमारे १,२०० वेळा, तर एक मिलिमीटर जाडीच्या तारेमागे सुमारे ६०० वेळा हे आवर्तन घडते. दोन्ही तारांचा मूलस्वर, म्हणजे तारेचा सर्वांत खालचा स्वर, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० कंपने) असल्यास पहिलीतून बारावा आणि दुसरीतून सहावा उपस्वर, म्हणजे मूलस्वराच्या अनुक्रमे बारापट व सहापट वारंवारतेचा स्वर, उमटतो. मूलस्वर स्वतः सहसा ऐकू येत नाही. वारा वाढला की प्रत्येक तार वरच्या उपस्वरावर चढते, तो पडला की खाली उतरते, आणि एकाच स्वरात मिळवलेल्या तारांतून सतत बदलणारा स्वरमेळ निर्माण होतो. त्यात मूलस्वराच्या सातपट वारंवारतेचा, कोमल निषादापेक्षा किंचित उतरलेला स्वरही येतो. पियानोवर तो वाजवता येत नाही, आणि या वाद्याच्या नादातील अनोळखी गोडवा बराचसा त्याचाच आहे.

विजेच्या उंच वाहिन्याही याच कारणाने कंप पावतात. तेथे मात्र त्यामुळे तारांचे धागे कालांतराने तुटतात, म्हणून आधाराजवळ तारेला दोन टोकांना वजने असलेले कंपरोधक बसवतात.