अकरावीत धर्म का शिकवत नाहीत? साताऱ्यातून पाहिलेली पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की सातारा, कराड, वाई, सगळीकडे कला शाखेच्या मुलांपुढे विषयांची साधारण तीच यादी येते. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. आणि जिथे शिकवणारे कोणी असेल तिथे तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान. धर्माचा अभ्यास असा स्वतंत्र विषय त्यात नसतो. नीतिशास्त्र भेटते ते तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात, काही पाठांपुरते. सोळा-सतरा वर्षांची ही मुले घरी-दारी वारी पाहतात, उरूस पाहतात, पर्युषण पाहतात, मोबाइलवर धर्मावरून चाललेली भांडणे वाचतात. त्यावर शिस्तीत प्रश्न विचारायला मात्र वर्गात जागा नाही. असे का झाले हे पाहायला दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर सातारा जिल्हा पुन्हा पुन्हा भेटतो.

१८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिले. सरकारी शाळा-कॉलेजांतून धर्म बाहेर राहिला. मिशनच्या शाळांत बायबलचा तास चालूच होता. धर्म नाही तर मग नीती तरी कशाच्या आधारावर शिकवायची, हा प्रश्न १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे आला. सर्व धर्मांना मान्य होतील अशा मूलतत्त्वांवर एक नीतिपाठाचे पुस्तक तयार करावे आणि कॉलेजांत माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना ती पटली नाही आणि त्यांनी आपले वेगळे मत नोंदवले. सरकारनेही ती सूचना उचलून धरली नाही.

याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले होते. त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता, पण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे ते त्यांचे शेवटचे लेखन. फुले घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले आणि ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो. आणि चौघे एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात प्रेमाने नांदतात. यातले प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अकरावीच्या वर्गात चर्चेला ठेवावा असा याहून चांगला उतारा मराठीत मला तरी माहीत नाही.

कराडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी त्याही पुढे पाऊल टाकले. नीतीला ईश्वराच्या किंवा परलोकाच्या आधाराची गरज नाही, हे त्यांनी आपल्या ‘सुधारक’ पत्रातून निर्भीडपणे मांडले. धर्माशिवाय नीती उभी राहते का, हा प्रश्न इंग्लंडात आजही ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या, मुलांना कांट आणि मिल वाचून सोडवायला देतात. आपल्या मुलांना तो टेंभूच्या माणसाच्या मराठीतून देता येतो.

कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले गेले, त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या धर्मात वाढलो त्याचा आचार एकीकडे आणि मनाला पटलेली नीती दुसरीकडे, हा पेच पुस्तकात वाचायच्या आधी त्यांनी भोगला होता. पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. नीतीचा वेगळा तास तिथे लागत नसे. पंगतच तो धडा देत होती.

वाईची गोष्ट वेगळ्या वळणाची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत मीमांसा, वेदान्त, धर्मशास्त्र पारंपरिक पद्धतीने, पण डोळे उघडे ठेवून शिकवले जाई. १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा इथे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला आले होते. इथेच घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींना शास्त्राचा आधार काढून दिला. इथूनच धर्मकोश निघू लागला. एखाद्या विषयावर सूत्रे, स्मृती, त्यांवरची भाष्ये आणि निबंधग्रंथ (धर्मशास्त्राची जुनी संकलने) काय काय म्हणतात ती वचने त्यात एकत्र लावलेली असतात. वाचणाऱ्याला आपोआप दिसते की ‘शास्त्र असे सांगते’ हे वाक्य फारच सैल आहे, कारण शास्त्रे आपसांतच वाद घालत असतात. पुढे मराठी विश्वकोशाचे काम लक्ष्मणशास्त्रींच्या नेतृत्वाखाली वाईतच उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि धर्म, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्रावरच्या नोंदी कुठल्याही मराठी विद्यार्थ्याच्या हाती आल्या.

मग स्वातंत्र्यानंतर हे ज्युनियर कॉलेजपर्यंत का पोचले नाही? बहुतेक जण संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाकडे बोट दाखवतात. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे तो म्हणतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्यावर सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. आपली बहुतेक ज्युनियर कॉलेजे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित आणि मुले अठराच्या आतली, म्हणजे हा दुसरा भागच इथे लागू पडतो. फाळणीच्या जखमा ओल्या असताना घातलेले हे कुंपण मला योग्यच वाटते. पण ते उपासनेच्या आणि पंथप्रसाराच्या शिकवणीला होते, अभ्यासाला नव्हते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, सॉक्रेटिस, येशू, महंमद, कबीर, नानक अशांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवावेत असे सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) एका धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांत स्पष्ट फरक केला. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास २८ व्या अनुच्छेदाच्या आड येत नाही असा निर्वाळा दिला.

इंग्लंडात १९४४ च्या कायद्याने शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले. ते आधी ख्रिस्ती वळणाचे होते, हळूहळू अनेक धर्मांचे झाले. आपल्याकडे बंदीच्या भीतीने अभ्याससुद्धा मागे राहिला. मधल्या काळात शाळेत परिपाठ आणि मूल्यशिक्षण आले, पण सुविचार फळ्यावर लिहिणे वेगळे आणि एका नैतिक पेचाच्या दोन्ही बाजू मांडून दाखवणे वेगळे.

एक वाट मात्र भाषेच्या बाजूने उघडी राहिली. बोर्डाच्या विषयांत संस्कृत, पाली, अर्धमागधी आहेत, त्यामुळे उपनिषदे, त्रिपिटक, जैन आगम यांचे तुकडे मुलांच्या हाती पडतात. जैन वस्ती मोठी असलेल्या सांगली भागाला अर्धमागधी काही परकी नाही. फक्त हे धडे भाषा म्हणून शिकवले जातात. त्यातला विचार व्याकरणाच्या मागे राहतो.

२०१९ मध्ये अकरावीला आणि २०२० मध्ये बारावीला तत्त्वज्ञानाची नवी मराठी पुस्तके आली. विषय घ्यायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी पुस्तकावर ठरत नाही, पद मंजूर आहे का यावर ठरते. शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की यादीतून तत्त्वज्ञान आधी जाते. कटगुण, टेंभू आणि वाई ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या पालकांनी आणि संस्थाचालकांनी ही पदे आग्रहाने मागितली पाहिजेत.