मूठभर तांदळावर चालणारी मंडळी

गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की ऐकणारा कॅथलिकच समजतो, आणि ते साहजिकही आहे. २०११च्या जनगणनेत राज्याच्या सुमारे साडेचौदा लाख लोकवस्तीत ख्रिस्ती २५ टक्क्यांच्या आसपास होते आणि त्यांतले बहुतेक सगळे कॅथलिक. त्यामुळे वास्को किंवा झुआरीनगरच्या बाजूला रविवारी भाड्याच्या सभागृहात पंधरा-वीस लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथातली, घरं उपासनेला जमतात, तेव्हा शेजारपाजारचे हमखास विचारतात, "तुमचं फेस्त कधी? यंदा प्रेसिदेन्त कोण?" या मंडळीला, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या या समूहाला, फेस्त म्हणजे संताचा वार्षिक उत्सव नाही, त्याचा खर्च उचलणारा प्रेसिदेन्त नाही, चर्चची मालमत्ता सांभाळणारी फाब्रिका नाही, कोमुनिदादीची म्हणजे गावच्या सामाईक मालकीची जमीन नाही. मग भाडं, पाळकांचा पगार आणि अडल्यानडल्याची मदत कशी भागते? त्याचं उत्तर पाचशे वर्षं मागे जातं. मी नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढल्यामुळे मला त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. तरीही लुथरन मंडळीची वाट वेगळी आहे.

आधी गोव्याचा हिशेब. इथल्या कॅथलिक चर्चला पहिल्यापासून राजाश्रय होता. पाद्रोआदोच्या व्यवस्थेत धर्मप्रसाराचा भार पोर्तुगालच्या राजाने उचललेला होता. तिसवाडीतली देवळं पाडल्यावर १५४१मध्ये देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवलं गेलं. ज्यांच्या देवांच्या त्या जमिनी होत्या त्यांचं दुःख हा या इतिहासाचाच भाग आहे, तो वगळून पुढे जाता येत नाही. पुढे गावकाऱ्या (म्हणजेच कोमुनिदादी), कुंफ्रार्या म्हणजे भाविकांचे संघ, आणि फेस्तांचे यजमान यांनी गावोगावच्या इगर्जी उभ्या ठेवल्या. लुथरन माणसाला मात्र या भूमीत जमण्याचीच सोय नव्हती. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय होतं, मध्ये थोडी वर्षं बंद पडलं तेवढंच. त्याच्या लेखी 'लुथरन' हा आरोप होता. कोणत्याही पंथाच्या प्रोटेस्टंटाला, मग तो जहाजावरून उतरलेला परदेशी तोफची का असेना, त्याच नावाखाली पकडता येई. १७९९ ते १८१३ या काळात ब्रिटिश फौज गोव्यात तळ देऊन होती. दोना पावलाची ब्रिटिश दफनभूमी तेव्हाची. पण फौज गेली आणि थडगी तेवढी राहिली.

आज दिसणारी छोटी मंडळी १९६१नंतरची. बंदर, नौदल, कारखाने, खाणी, हॉटेलं यांच्या मागोमाग माणसं आली. नौदलाचा हंसा तळ १९६४मध्ये कोइंबतूरहून दाबोळीला आला. कोकण रेल्वेने १९९८पासून दक्षिण आणखी जवळ आणली. गुंटूरकडचे तेलुगू, तंजावर-तिरुचीकडचे तमिळ, रांची-गुमल्याकडचे मुंडा आणि उरांव कामासाठी आले आणि पैसा उभा करण्याच्या आपापल्या गावच्या रीती बरोबर घेऊन आले.

या रीतींच्या मुळाशी पैशावरूनच झालेलं एक भांडण आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ला विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवर. माइन्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्त पदासाठी फुगर सावकारांच्या कर्जात बुडालेला होता. विक्रीतला निम्मा पैसा ते कर्ज फेडायला आणि निम्मा रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामाला जायचा. ल्यूथरने विचारलं की पोप एवढा श्रीमंत आहे, तर गरीब भाविकांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला दिलेलं बरं, हेही त्याच मुद्द्यांत आहे. ज्या पंथाचा जन्मच 'देवाच्या नावावर पैसा कसा मागू नये' या प्रश्नातून झाला, त्याला 'मग कसा मागावा' याचं उत्तर देणं भागच होतं.

ते उत्तर १५२३मध्ये सॅक्सनीतल्या लाइस्निश या लहानशा गावाने लिहून काढलं आणि ल्यूथरने त्याला प्रस्तावना लिहिली. गावाची एक सामाईक पेटी. तिच्यातून पाळकाचा पगार, शाळा, इमारतीची डागडुजी, म्हातारे, अनाथ, परगावाहून आलेले गरजू, आणि धंद्याला भांडवल नसलेल्या कारागिराला उसनवार. कारभाराला दहा माणसं: सरदार-घराण्यांतले दोन, नगरपालिकेचे दोन, गावातले नागरिक तीन, खेड्यांतले शेतकरी तीन. पेटीला चार कुलपं आणि प्रत्येक गटाकडे एक किल्ली. म्हणजे शेतकऱ्यांची किल्ली आल्याशिवाय सरदारांनाही पेटी उघडता यायची नाही. दर रविवारी कारभाऱ्यांनी बसायचं, नोंदी करायच्या, आणि वर्षातून ठरावीक वेळा सगळ्या गावासमोर हिशेब वाचायचा. प्रत्यक्षात लाइस्निशच्या पालिकेने चर्चची मालमत्ता सोडायला खळखळ केली आणि योजना अडखळली. पण कागदावरची ती रचना पंथाच्या अंगवळणी पडली. खजिनदार एकटा दान मोजत नाही आणि वार्षिक सभेत हिशेब मोठ्याने वाचला जातो, या सवयींचं कूळ मला त्या चार कुलपांत दिसतं.

युरोपात पुढे राजेरजवाड्यांनी चर्च आपल्या पंखाखाली घेतलं आणि मंडळीला फार हात पसरावे लागले नाहीत. जर्मनीत अजूनही सभासदाच्या प्राप्तिकरावर आठ-नऊ टक्के चर्चकर सरकारमार्फत वसूल होतो. अमेरिकेत गेलेल्या जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश शेतकऱ्यांना मात्र राजा नव्हता. त्यांनी चर्चच्या तळघरात जेवणावळी घातल्या, लुटफिस्क नावाचा वाळवून क्षारात भिजवलेला मासा शिजवून तिकिटं विकली, बायकांनी गोधड्या शिवून लिलावात काढल्या. हे बायकांचं काम होतं आणि हिशेबही त्यांचाच होता. १८७९मध्ये तिथल्या लुथरन स्त्रियांनी स्वतःची मिशनरी सोसायटी काढली आणि १८८३मध्ये डॉ. ॲना कुगलर यांना गुंटूरला पाठवलं. गुंटूरचं स्त्रियांचं रुग्णालय त्यांच्याच कामातून उभं राहिलं. वास्कोतल्या एखाद्या तेलुगू घरात आजीचं बाळंतपण 'कुगलर आस्पत्रीत' झाल्याचं सांगतात, तेव्हा त्यामागे कुठल्या तरी खेड्यातल्या बायकांनी विकलेल्या गोधड्या असतात.

भारतातली लुथरन गोष्ट तरंगमबाडीला, म्हणजे त्रांकेबारला, ९ जुलै १७०६ला सुरू झाली. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ यांना डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलं होतं. पण राजाचा पैसा पुरत नव्हता आणि जहाजं बुडत होती. मदतीला आली ती जर्मनीतल्या हाले गावची संस्था. तिथून १७१०पासून तरंगमबाडीची पत्रं छापून देणगीदारांना वाटली जाऊ लागली. शाळेत किती मुलं आहेत, त्यांना काय खायला मिळतं, तमिळ लोक कोणते प्रश्न विचारतात, असं सगळं त्यांत असे. देणाऱ्याला तपशील कळवायचा आणि मग मागायचं, ही रीत तिथून पक्की झाली. लंडनच्या एसपीसीके या संस्थेने छापखाना पाठवला. १७३३मध्ये आरोन हे पहिले भारतीय लुथरन पाळक झाले. त्यांना दीक्षा मिळाली तरी पैसा मात्र परदेशातूनच येत राहिला आणि पुढची पावणेदोनशे वर्षं परिस्थिती साधारण तीच होती.

ती मोडली ती पहिल्या महायुद्धाने. १९१४मध्ये जर्मन मिशनरी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. देशभरातल्या जर्मनांना ठेवण्यासाठी नगरला मोठी छावणी होती. आमच्याकडची म्हातारी माणसं किल्ल्याच्या बाजूच्या जर्मन कैद्यांच्या गोष्टी सांगत, त्या याच काळातल्या. मिशनऱ्यांना पुढे जहाजांत घालून मायदेशी धाडलं. छोटानागपूरमध्ये गोस्नर मिशनचं काम १८४५पासून चाललेलं होतं. चार जर्मन रांचीला आले होते आणि १८५०मध्ये चार उरांवांचे पहिले बाप्तिस्मे झाले होते. आता तिथली मंडळी एकाएकी पोरकी झाली. इतर मिशनांनी काही काळ हात दिला, पण १० जुलै १९१९ला गोस्नर चर्चने आपला कारभार आपणच पाहायचं ठरवलं. त्याच वर्षी दक्षिणेत तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चही उभं राहिलं. ज्यांच्या घरी रोकड नावाची चीज क्वचितच दिसायची, अशा शेतकरी आणि शेतमजुरांनी हे निर्णय घेतले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते. राजा असताना चर्च चालवण्यात काही विशेष नाही.

मग पैसा कुठून आणायचा? रोकड नव्हती, पण तांदूळ होता. चुलीवर आधण ठेवलं की घरच्या बाईने मापातला एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारी डबा मंडळीत न्यायचा, तिथे सगळ्यांचा तांदूळ एका पोत्यात ओतायचा, मापायचा, वहीत चढवायचा आणि विकायचा. विकत घेणारेही बहुधा त्याच मंडळीतले, बाजारभावापेक्षा रुपया-दोन रुपये चढवून घेणारे. झारखंडात याला मुठिया म्हणतात, तेलुगूत पिडिकेडु बिय्यम, तमिळमध्ये कैप्पिडि अरिसि. ही रीत लुथरनांपुरती नाही. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी १९१०पासून तिच्यावर मोठमोठी कामं उभी केली. पण तिच्यातली खरी गोम रकमेत नाही. ज्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा नव्हता, ती या मुठीमुळे देणगीदार झाली. देणारी झाल्यावर वार्षिक सभेत ती प्रश्नही विचारू लागली. बायबलातल्या गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा, दाखला या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. तो त्यांना इतका जवळचा का वाटतो, हे डब्यातला तांदूळ पाहिल्यावर कळतं.

गोव्यात आल्यावर मूठ थोडी बदलली. इथे बरेचजण भाड्याच्या खोलीत राहतात, तांदूळ दुकानातून किलो-किलोने आणतात, पाळीप्रमाणे जेवतात. बहुतेकांची मूठ आता महिन्याच्या पाकिटात गेली आहे. पाकिटावर घराचा क्रमांक आणि आत जमेल ती रक्कम. काही घरांत मात्र डबा अजून आहे. आणि पाकीट असो वा डबा, हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना, कुणी सोडलेली नाही. एका मंडळीत मी ती पाहिली. प्रभुभोजनाच्या मेजापुढे सतरंजी अंथरलेली. तिच्यावर परसातला नीरफणस, नारळांची जोडी, केळीचा घड, तांबड्या भोपळ्याच्या फोडी, गावठी कोंबडीची अंडी, आंब्याच्या लोणच्याची बरणी, कुणीतरी रांचीहून आणलेला मडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा पुडा. आशीर्वाद झाल्यावर तरुण संघाचा एकजण उभा राहून एकेक वस्तू पुकारू लागला. लोणच्याची बरणी एका फिटरने तीनशेला घेतली आणि लगेच परत मेजावर ठेवली, "पुन्हा पुकारा." ती तीनदा विकली गेली. नीरफणस शेवटी पाळकांच्याच घरी गेला, सगळ्यांनी वर्गणी करून.

शेजारच्या सभागृहातून डोकावणाऱ्या गोवेकरांना यात काहीच परकं वाटलं नाही. इथल्या देवळांत प्रसादाच्या फळांची पावणी म्हणजे लिलाव होतो, कोमुनिदादीच्या शेतांची होते. भाव पुकारणाऱ्याचा सूरही जवळपास तोच. तमिळ आणि आदिवासी रीत इथल्या पावणीला इतकी सहज येऊन मिळाली, याचं मला मनापासून समाधान वाटतं. देणगी कुपनांचं मात्र तसं नाही. गोव्यात चतुर्थीच्या सार्वजनिक मंडळांची कुपनं आणि त्यांवरच्या गाड्यांची बक्षिसं घरोघर पोचतात, म्हणून लहान मंडळीतही कुणीतरी ती सूचना मांडतोच. जाणते लोक ती मागे सारतात. जिंकण्याच्या आशेने काढलेला पैसा दानार्पण नव्हे, अशी प्रोटेस्टंटांमध्ये जुनी धारणा आहे. पावणीत घेणाऱ्याला आपण जास्त देतोय हे ठाऊक असतं, सोडतीत तसं नसतं. माझंही मत जाणत्यांच्या बाजूचं आहे.

बाहेरचा पैसा तर आता जवळपास विसरायचाच. परदेशी देणग्यांवरचा कायदा १९७६पासून आहे, २०१०मध्ये नव्याने झाला आणि २०२०च्या दुरुस्तीने आणखी आवळला. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही, कारभारखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि सगळा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून घ्यावा लागतो. मोठ्या चर्चकडून झिरपत लहान मंडळीपर्यंत येणारी वाट त्यामुळे बुजली. केवळ एका धर्माच्या उपासनेसाठी दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सूटही मिळत नाही. तरुण आता क्यूआर कोडवर दान देतात. तरी थैली फिरवणं बंद झालेलं नाही, कारण लहान मुलांच्या हातात नाणं द्यायचं असतं.

खर्चाच्या यादीत भाडं आणि पाळकांचा प्रवास ठरलेला. पण मंडळीला सर्वांत अवघड जातो तो मृत्यूचा खर्च. गोव्यातल्या बहुतेक ख्रिस्ती दफनभूमी कॅथलिक पॅरिशांच्या आहेत आणि त्या आपापल्या लोकांसाठी आहेत. ज्याचं इथे कुणी नाही असा मजूर गेला तर देह गुमल्याला किंवा गुंटूरला पोचवायचा, म्हणजे गाडी, शवपेटी, कागदपत्रं आणि बरोबर जाणाऱ्या दोघांची तिकिटं. हे एका रात्रीत उभं करावं लागतं. म्हणून महिला मंडळाची वेगळी वही असते आणि तिच्यातल्या पैशाला इमारतनिधीवाले हात लावू शकत नाहीत. दर वार्षिक सभेत हा वाद होतो. तरुणांना वाटतं की स्वतःची जागा घेतल्याशिवाय मंडळीला इथे मूळ धरता येणार नाही. बायका म्हणतात, आधी माणूस घरी पोचला पाहिजे. मी पाहिलेल्या सभेत इमारतनिधी मुदत ठेवीत ठेवायचं ठरलं, आणि पावणीचे सगळे पैसे महिला मंडळाच्या वहीत गेले.