अँटी-अलायझिंगच्या पॅनेलमागची पंचवीस वर्षे

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अँटी-अलायझिंगच्या, म्हणजे कडांवरच्या पायऱ्या मऊ करण्याच्या, नावाने चार-पाच ओळी असतात: मोड, सेटिंग, ट्रान्स्परन्सी, एफएक्सएए, गॅमा करेक्शन. मोड ‘ओव्हरराइड’वर, म्हणजे गेमची सेटिंग बाजूला सारून पॅनेलची लावण्यावर, नेला, सेटिंग ८एक्स केले, गेम सुरू केला, तरी तारेच्या कुंपणावरच्या पायऱ्या होत्या तशाच. तक्रार जुनी आहे, पण पॅनेल बिघडलेले नसते. त्यातली एकेक ओळ एकेका पिढीच्या कार्डांबरोबर आली आणि तिथेच राहून गेली; समोरचा गेम बहुधा वेगळ्याच पिढीचा असतो.

मूळ अडचण साधी आहे. गेममधल्या वस्तू त्रिकोणांच्या बनलेल्या असतात. तिरकी कड पिक्सेलला अर्धवट झाकते, पण कार्ड पिक्सेलच्या मध्यावर एकदाच तपासते: त्रिकोण इथे आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही, अर्धेमुर्धे काही नाही. फ्रँक्लिन क्रो यांनी १९७७ मध्ये हा प्रश्न सिग्नलच्या भाषेत मांडला. नमुने, म्हणजे अशी तपासणी केलेले बिंदू, कमी पडले की बारीक तपशील खोट्या आकारांचे सोंग घेऊन परत येतो. दातेरी कडा हे त्याचे एक रूप. चालताना लुकलुकणाऱ्या तारा आणि दूरच्या जाळीवर उमटणारे लाटांसारखे पट्टे ही आणखी दोन. एका पिक्सेलसाठी अनेक नमुने घेऊन सरासरी काढायची, हा उपाय तेव्हाही माहीत होता. प्रश्न परवडण्याचा होता. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या रिअ‍ॅलिटी इंजिनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचाच एक प्रकार, मल्टीसॅम्पलिंग, हार्डवेअरमध्ये करून दाखवले, पण ते यंत्र घरात आणण्यातले नव्हते.

घरच्या कार्डांवर ही सोय आली २००० च्या सुमारास, आणि ती सुपरसॅम्पलिंगची होती. एनव्हिडियाच्या जीफोर्स २ कार्डाचा ड्रायव्हर चित्र दुप्पट लांबी-रुंदीत काढून लहान करायचा. १०२४×७६८ वर ४एक्स (पिक्सेलमागे चार नमुने) म्हणजे प्रत्यक्षात २०४८×१५३६. पिक्सेलला ४ बाइट धरले तर रंगाला १२ एमबी आणि खोलीच्या (कोणता पृष्ठभाग किती दूर, याच्या) बफरला १२ एमबी. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे ३ एमबी वेगळेच. ३२ एमबीच्या कार्डावर टेक्स्चरसाठी, म्हणजे पृष्ठभागांवर चिकटवायच्या चित्रांसाठी, उरायचे जेमतेम ५ एमबी, त्यामुळे गेम नुसता मंद होत नसे, धक्के खात चाले.

थ्रीडीएफएक्स या दुसऱ्या कंपनीच्या व्हूडू ५ ५५०० कार्डावर खर्च तेवढाच होता, चित्र मात्र उजवे. फरक नमुन्यांच्या जागांचा. चार नमुने सरळ चौकोनात ठेवले तर जवळपास आडव्या कडेला त्यांच्या दोनच वेगळ्या उंच्या भेटतात, म्हणजे पार्श्वभूमी आणि वस्तू यांच्यामध्ये एकच मधली छटा मिळते. तोच चौकोन थोडा फिरवला की चारही नमुने वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि मधल्या छटा तीन होतात. एनव्हिडियाच्या ४एक्समध्ये ही फिरवलेली मांडणी जीफोर्स ६ बरोबर, २००४ मध्ये आली. जुन्या कार्डांची तुलना करताना नुसता ४एक्सचा आकडा पाहून भागत नाही, ते यामुळेच.

खर्चाचा तिढा २००१ मध्ये जीफोर्स ३ ने सोडवला. मल्टीसॅम्पलिंग, म्हणजे एमएसएए, त्रिकोणाचा रंग पिक्सेलमागे एकदाच काढते. झाकलेपणा आणि खोली तेवढी प्रत्येक नमुन्यासाठी तपासते. त्याच कार्डाचा क्विनकंक्स मोड दोन नमुने घेऊन शेजारच्या पिक्सेलांचेही मिसळत असे, त्यामुळे कडांबरोबर अक्षरेही पुसट होत. २००२ च्या एटीआय कंपनीच्या रेडिऑन ९७०० ने ६एक्स दिले आणि गॅमाचा, म्हणजे पिक्सेलचा आकडा आणि पडद्यावरचा प्रकाश यांतल्या वाकड्या नात्याचा, हिशेबही केला. पांढऱ्याने अर्धा झाकलेला काळा पिक्सेल ० ते २५५ च्या मापावर १२८ ठेवला तर पडद्यावर सुमारे २२ टक्केच प्रकाश पडतो. अर्धा प्रकाश हवा तर आकडा १८६ च्या आसपास लागतो. पॅनेलमधले ‘गॅमा करेक्शन’ ते हेच. ते चालूच ठेवावे.

एमएसएएची एक बाजू सुरुवातीपासून लंगडी होती. झाडाचे पान किंवा जाळी हे बहुतेकदा सपाट त्रिकोणावरचे चित्र असते आणि भोके टेक्स्चरमध्ये असतात. तिथे त्रिकोणाची कडच नाही, मग एमएसएए करणार काय? म्हणून २००५ मध्ये जीफोर्स ७ बरोबर ‘ट्रान्स्परन्सी’ची ओळ आली. त्यातला मल्टीसॅम्पल पर्याय स्वस्त पण पाने ठिपकेदार करणारा. सुपरसॅम्पल महाग पण स्वच्छ. २००६ च्या जीफोर्स ८८०० ने नावांचा घोळ वाढवला: १६एक्समध्ये रंगाचे खरे नमुने चारच, बाकीचे फक्त झाकलेपणाचे, ८एक्सक्यूमध्ये मात्र खरे आठ. त्यामुळे त्या पिढीच्या कार्डावर १६एक्स हे ८एक्सक्यूपेक्षा हलके पडते.

मग गेमच बदलले. डिफर्ड शेडिंगमध्ये आधी प्रत्येक पिक्सेलचा रंग, पृष्ठभागाची दिशा, चकाकी असे थर साठवतात आणि प्रकाशाचा हिशेब नंतर करतात. १९२०×१०८० वर पिक्सेलमागे ३६ बाइट धरले तर सुमारे ७५ एमबी लागतात. ४एक्स केले की ३००. जागेपेक्षा मोठी अडचण अर्थाची होती. दोन पृष्ठभागांच्या दिशांची सरासरी काढली तर तिसरीच, कुठेच नसलेली दिशा मिळते. डायरेक्टएक्स ९ मध्ये (डायरेक्टएक्स हा गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) शेडरला, म्हणजे कार्डावर रंग-प्रकाश काढणाऱ्या प्रोग्रामला, सुटे नमुने वाचता येत नसत, आणि कोणत्या थरावर काय करायचे हे ड्रायव्हरला बाहेरून कळत नाही. म्हणूनच ओव्हरराइड डायरेक्टएक्स ९ पर्यंतच्या बऱ्याच गेममध्ये चालते, पुढच्यांत बहुधा दुर्लक्षिले जाते आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये त्याची आशाच सोडावी. गेममध्ये स्वतःचे एमएसएए असेल तर ते चालू करून पॅनेलमध्ये ‘एन्हान्स’ (गेमच्याच सेटिंगमध्ये भर घालणारा मोड) निवडणे जास्त भरवशाचे. प्रोफाइल इन्स्पेक्टरसारख्या, ड्रायव्हरच्या लपलेल्या सेटिंग्ज उघडणाऱ्या साधनातून कम्पॅटिबिलिटीचा आकडा बदलून जुन्या गेमांना वळवता येते; आकडा चुकला तर काळा पडदा किंवा सरकलेल्या सावल्या मिळतात.

या कोंडीतून तयार चित्रावरच इलाज करण्याची पद्धत पुढे आली. इंटेलच्या अलेक्झांडर रेशेतोव्ह यांचे एमएलएए २००९ चे. पाठोपाठ एनव्हिडियाच्या टिमोथी लॉटिस यांचे एफएक्सएए आणि मग एसएमएए. हे सगळे रंगातला फरक पाहून कड ओळखतात आणि ती मऊ करतात. न घेतलेला नमुना त्यांना परत आणता येत नाही, त्यामुळे तुटक दिसणारी बारीक तार तुटकच राहते. पॅनेलमधले एफएक्सएए तर अक्षरे आणि नकाशा चढवून झाल्यावर चालते आणि तेही धूसर करते. गेममध्ये एफएक्सएए असेल तर तेच वापरावे. दोन्हीकडे एकदम चालू करणे ही हमखास चूक.

२०१४ मध्ये एपिक या गेम कंपनीच्या ब्रायन कॅरिस यांनी तिच्या अनरिअल इंजिन ४ मधली टीएए (टेम्पोरल, म्हणजे काळावर पसरलेले अँटी-अलायझिंग) पद्धत मांडली. तिने नमुने एका फ्रेममध्ये न घेता अनेक फ्रेममध्ये वाटले: कॅमेरा दर वेळी पिक्सेलच्या अंशाने हलवायचा आणि नव्या फ्रेमचा छोटा वाटा आधीच्या साठ्यात मिसळायचा. साठ्यातले जुने पिक्सेल वस्तूंबरोबर सरकवायला हालचालीची नोंद लागते. धूर, काच, ठिणग्या यांची ती अनेकदा नीट होत नाही, म्हणून त्यांच्यामागे शेपूट दिसते. फ्रेमचा वेग ६० वरून ३० वर आला की तीच शेपूट दुप्पट वेळ रेंगाळते. टीएए बंद करावे, तर नव्या गेममधले केस, सावल्या आणि प्रतिबिंबे दाणेदार होतात. ती दाणेदारच काढलेली असतात, टीएए मिटवेल या हिशेबाने. एनव्हिडियाचे २०२० चे डीएलएसएस २.० (कमी रिझोल्यूशनवर काढून चित्र मोठे करणारे) याच वाटेवरचे आहे, फक्त जुन्या फ्रेममधले काय ठेवायचे हे न्यूरल नेटवर्क ठरवते. डीएलएए म्हणजे तेच पूर्ण रिझोल्यूशनवर.

आणि जीफोर्स २ ची ती ढोबळ युक्ती २०१४ मध्येच डीएसआर या नावाने, म्हणजे चित्र मोठे काढून लहान करण्याच्या सेटिंगच्या रूपात, परत आली. डीएसआर फॅक्टर ग्लोबल सेटिंग्जमध्येच मिळतो. ४.००एक्स निवडले की १९२०×१०८० च्या पडद्यावर गेमच्या यादीत ३८४०×२१६० दिसू लागते, पण ते गेममध्ये स्वतः निवडावे लागते. बॉर्डरलेस खिडकीत चालणाऱ्या गेमसाठी आधी डेस्कटॉपचेच रिझोल्यूशन बदलावे लागते. ४.००एक्सवर स्मूदनेस (लहान करतानाचा मऊपणा) ० टक्के ठेवला तरी चालतो, कारण चार पिक्सेलांचा नेमका एक होतो. १.७८एक्ससारख्या अपूर्णांकांवर ३३ टक्के हा मूळ आकडाच राहू द्यावा, नाहीतर कडा कुठे जाड, कुठे बारीक दिसतात.